पिशवी काढायची घाई करू नका, ताई

प्रश्न : माझं वय 48. अहमदपूर तालुक्यातल्या एका गावात राहते. शेतातलं काम आणि शिलाई मशीन दोन्ही चालू असतं. वर्षभरापासून पाळी कधी दोन महिन्यांनी येते, कधी चार. रात्री एकदम अंगातून वाफा निघतात, घामानं कपडे भिजतात, मग झोप लागत नाही. उजवा हात वर जात नाही, वेणी घालायला लेकीला हाक मारावी लागते. खोकलं की लघवी होते, म्हणून सप्ताहात कीर्तनाला बसणं सोडलं. नवऱ्याजवळ जायला नको वाटतं, दुखतं. मालक म्हणतात, वय झालं, असं व्हायचंच. जाऊ म्हणते, पिशवी काढून टाक, कटकट मिटेल. एका डॉक्टरांनीही तेच सांगितलं. काय करू?

उत्तर : ताई, आधी पिशवीचंच बोलते, कारण ती एकदा काढली की परत बसवता येत नाही. तुम्ही लिहिलेल्या एकाही तक्रारीवर गर्भपिशवी काढणं हा इलाज नाही. वाफा येतात त्या अंडाशयातून तयार होणारं इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होत चालल्यामुळे. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर जो बदल शरीर काही वर्षांत हळूहळू पचवतं तो एका दिवसात अंगावर येतो. वाफा वाढतात, हाडं लवकर ठिसूळ होतात. तुमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायकांच्या पिशव्या ऐन तरुणपणी काढल्या गेल्या. 2019 साली तो विषय विधिमंडळात गाजला आणि चौकशी समिती नेमावी लागली. मराठवाड्यातल्या बाईला हा सल्ला इतक्या सहज दिला जातो, याचा मला मनापासून राग येतो. कॅन्सर असेल, मोठ्या गाठींमुळे रक्तस्राव औषधांनी आटोक्यात येत नसेल, अंग फार बाहेर येत असेल, तर ऑपरेशन लागू शकतं. तुमच्या बाबतीत नेमकं कारण काय, हे त्या डॉक्टरांना कागदावर लिहून मागा आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टसह दुसरीकडे दाखवा. लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत स्त्रीरोग विभाग आहे, तिथे जा.

आता तुम्ही म्हणाल, दिवसभर राबते, मला व्यायाम कशाला सांगता? बहुतेक बायका हेच म्हणतात. पण खुरपायला वाकून वाकून कंबर आणि गुडघे झिजतात, मशीनवर खांदे पुढे येऊन आखडतात, आणि ज्या स्नायूंना खरी गरज आहे ते तसेच ढिले राहतात. कष्ट आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ताई. तुमच्या निम्म्या तक्रारींचं औषध फिजिओथेरपिस्टकडे, म्हणजे व्यायामानं उपचार करणाऱ्यांकडे आहे.

लघवीचंच घ्या. बाळंतपणं आणि इस्ट्रोजेनची घट, दोन्हींमुळे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. वारा सरायचा थांबवताना आपण आतून जे आवळून वर ओढतो, ते हे स्नायू. पोट, मांड्या, कुल्ले ढिले ठेवून फक्त तेवढंच आवळा, मनात पाचपर्यंत मोजा, श्वास कोंडू नका, सोडा, तितकाच वेळ थांबा. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. सुरुवातीला पाच अंक होणार नाहीत, दोनच होतील, चालेल. मशीनवर बसल्या बसल्या करा, कुणाला कळतही नाही. लघवी करताना मधेच थांबवून मात्र हा सराव करू नका. आणि खोकला येतोय असं वाटलं किंवा घागर उचलायची असली, की आधी आवळा, मग खोका, मग उचला. किमान तीन महिने नेमानं करावं लागतं. बऱ्याच जणींना ऑपरेशनशिवाय यानं फरक पडतो. लघवीच्या धास्तीनं पाणी कमी पिऊ नका, त्यानं लघवी कडक होते आणि जळजळ वाढते.

हाताचं वर्णन वाचून मला फ्रोजन शोल्डरची, म्हणजे खांद्याचा सांधा आखडल्याची शंका येते. चाळिशी-साठीच्या बायकांत हा त्रास जास्त दिसतो, आणि मधुमेह किंवा थायरॉइड असेल तर आणखी. म्हणून साखर आणि थायरॉइड तपासून घ्या. साखर आणि बीपी गावच्या उपकेंद्रातही बघतात. हाड बसवणाऱ्याकडून हात ओढून घेऊ नका. गरम शेक देऊन बाजेवर डावा हात टेकवून वाका, उजवा हात सैल लोंबू द्या आणि हलकेच गोल फिरवा. भिंतीवर बोटांनी चढत जायचं, जिथे ओढ बसेल तिथे थांबायचं. हा खांदा महिनोन्महिने घेतो, धीर सोडू नका. पुढचे व्यायाम फिजिओथेरपिस्ट बघून देतील.

पाळी जाण्याच्या सुमारास आणि नंतरच्या काही वर्षांत हाडं सगळ्यात वेगानं झिजतात. त्यामुळे रोज अर्धा तास झपझप चाला, चपलेऐवजी बूट घाला, आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीतून हात न टेकता उठा-बसा. ज्वारीच्या भाकरीबरोबर तिळाची चटणी, दही, डाळी रोज ताटात हव्यात. मिसरी लावत असाल तर ती सोडा, तंबाखूनं वाफाही वाढतात आणि हाडंही झिजतात. संध्याकाळनंतर चहा बंद, रात्री तिखट ठेचा कमी. वाफ आली की नाकानं सावकाश श्वास घेऊन त्याहून सावकाश सोडायचा. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात आणि लाइट गेल्यावर हे सगळं किती अवघड जातं, ते मी जाणते. उशाशी ओला पंचा ठेवा.

एवढ्यानं भागलं नाही तर हार्मोनच्या गोळ्या असतात, त्यांना घाबरून जाऊ नका. साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत सुरू केल्या तर बहुतेक निरोगी बायकांना धोक्यापेक्षा फायदा जास्त होतो. स्तनाचा कॅन्सर किंवा पायात रक्ताची गाठ होऊन गेली असेल तर डॉक्टर दुसरी औषधं देतात. जवळ जाताना दुखतं ते कोरडेपणामुळे. त्यासाठी योनीत लावायचं क्रीम मिळतं, लाजू नका, मागा.

योग, प्राणायाम जरूर करा. आयुर्वेद घ्यायचा तर नांदेड किंवा धाराशिवच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात जा, आणि काय घेताय ते दोन्ही डॉक्टरांना सांगा. बाजारातली लेबल नसलेली पुडी नको, तिच्यात स्टिरॉइड किंवा जड धातू असू शकतात.

मालकांना हे पत्र वाचायला द्या. झोप नसलेल्या बाईची चिडचिड हा तिचा स्वभाव नसतो, हे त्यांना कळायला हवं. पहाटेचं पाणी भरणं त्यांनी घेतलं तर तुम्हाला चालायला अर्धा तास मिळेल. मन फारच खचलं तर 14416 या टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरवर फुकट बोलता येतं.

लातूरला जाण्याआधी वाफा किती वेळा येतात, पाळीच्या तारखा, चालू गोळ्या, सगळं एका कागदावर लिहून न्या. आणि एक लक्षात ठेवा. सलग बारा महिने पाळी आली नाही, आणि त्यानंतर थोडंसं जरी रक्त दिसलं, तरी त्याच आठवड्यात तपासून घ्या.