दिवाळीसाठी एफडी मोडून २,००० कॉमिक्स छापू का?

प्रश्न थोडक्यात असा. डोंबिवलीच्या एक ताई तीन वर्षं वेबकॉमिक चालवतायत, चाळीतली आजी आणि तिचं मांजर. मेंबरशिपचे महिन्याला साधारण २१,००० येतात, खर्च २८,०००, मधली तूट कमिशनच्या कामातून, म्हणजे ऑर्डरवर चित्रं काढून, भरून निघते. गेल्या दिवाळीत पहिलं पुस्तक काढलं, २५० रुपयाला, कुरिअर फ्री, ४१० कॉपी गेल्या. यंदा प्रेसवाला म्हणतोय ५०० घेतल्या तर ११८ रुपये कॉपी, २,००० घेतल्या तर ७२. जोडीला १,००० टेबल कॅलेंडर, ६०,०००. आणि यासाठी ३ लाखांची एफडी मोडायची, जी सोडून दुसरी बचत नाही.

ताई, एफडी मोडू नका. पुस्तक मात्र जरूर काढा, ते चांगलं चाललंय.

तुम्ही त्या ७२ वर भाळलायत आणि मी समजू शकतो, मीपण भाळलो होतो. २०१४ ला मी घरखर्चाची डायरी छापली होती, ३०० पुरल्या असत्या पण रेट पडला म्हणून १,००० काढल्या, त्यातले दोन खोके अजून माळ्यावर आहेत आणि बायको दर दिवाळीच्या साफसफाईत एकदा तरी विचारतेच की याचं काय करायचं. ऑफसेटमध्ये, म्हणजे प्लेट बनवून मशीनवर छापतात त्यात, प्लेट आणि मशीन सेट करायचा खर्च ५०० ला पण तेवढाच, २,००० ला पण तेवढाच, म्हणून कॉपीमागे रेट उतरतो. पण बिल उतरत नाही ना. ५०० चं बिल ५९,०००, २,००० चं १,४४,०००.

आता वही घ्या. २५० मधून कुरिअर ६०, पॅकिंग १२, पेमेंट गेटवेचे ५ गेले की हातात १७३. म्हणजे ५०० वाल्या बिलाचे पैसे ३४२ व्या कॉपीला सुटतात, २,००० वाल्याचे ८३३ व्या कॉपीला, म्हणजे गेल्या वर्षीच्या दुप्पट विकल्यावर नफ्याचा पहिला रुपया. समजा यंदाही ४१० च गेल्या, तर पहिल्यात जवळजवळ १२,००० सुटतात, दुसऱ्यात ७३,००० अडकतात आणि १,५९० पुस्तकं तुमच्या वन बीएचकेत पलंगाखाली. सगळ्या २,००० गेल्या तर २ लाख सुटतात हे खरं आहे, पण तुमचे ३८,००० फॉलोअर्स म्हणजे ३८,००० गिऱ्हाईकं नव्हेत, लाइक करायला पैसे लागत नाहीत.

खरा फायदा कुरिअरमध्ये आहे. फ्री कुरिअर बंद करा, चार्ज वेगळा लावा. त्याच ४१० कॉपींवर १२,००० च्या जागी ३६,५०० सुटतात, एक कागद जास्त न छापता. थोडे लोक कुरकुर करतील, करू दे.

कॅलेंडर सरळ सोडून द्या. पुस्तक मार्चमध्येही विकता येतं, कॅलेंडर १५ जानेवारीनंतर रद्दी, आणि घराघरात भिंतीवर कालनिर्णय आधीच टांगलेलं असतं. शिवाय पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, कॅलेंडरवर नाही, आणि टॅक्स लागणारा माल राज्याबाहेर पाठवला की उलाढाल कितीही छोटी असो नोंदणी लागते, म्हणजे बेंगळुरूच्या एका चाहतीला कॅलेंडर पाठवायला जीएसटी रिटर्नचं झेंगट. तरीही हौस असेल तर मेंबर लोकांना पीडीएफ द्या.

पैसे कुठून आणायचे? आपल्याकडे १९०९ ला 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला तेव्हापासून ही परंपरा आहे, आणि दिवाळी अंकवाले छापायच्या आधी जाहिराती गोळा करतात, विक्रीच्या भरवशावर कोणी बसत नाही. तुम्हीही प्रकाशनपूर्व नोंदणी घ्या, २२० रुपयांत, सोबत सही आणि मांजराचं छोटं स्केच. मागचं कव्हर ओळखीच्या मिठाईवाल्याला किंवा क्लासवाल्याला द्या, ८-१० हजार आले तरी खूप. मात्र हे लवकर करा, गणपती गेले की प्रेस दिवाळी अंकांत बुडालेली असते आणि वसुबारसेच्या आठवड्यात कुरिअरवाले फोन उचलत नाहीत. तरीही काही कमी पडलं तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी न मोडता तिच्या तारणावर बँकेकडून उचल, व्याज एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त आणि तेही वापरलेल्या दिवसांपुरतंच, ५९,००० दोन महिने वापरले तर हजाराच्या आतबाहेर. क्रेडिट कार्डवर अजिबात फिरवू नका, तिथे वर्षाला ३६-४२ टक्के लागतात.

एफडीला हात नको म्हणतोय त्याचं कारण जानेवारी. सणासुदीत ब्रँडवाले स्वतःहून मेसेज करतात आणि जानेवारीत सगळं थंड, दिवाळीच्या कामाचं पेमेंट पण तेव्हाच लटकलेलं (यंदा निम्मे ॲडव्हान्स घेतल्याशिवाय पेन्सिल उचलू नका, प्लीज). ३ लाख म्हणजे तुमचा दहा महिन्यांचा खर्च आहे. २,०४,००० छपाईत घातले तर साडेतीन महिने पण उरत नाहीत.

नोंदणी ३५० च्या पुढे गेली तर ५०० छापा, दीडशेवर अडकली तर डिजिटल प्रिंटिंगवर, जिथे प्लेट लागत नाही, तेवढीच काढा, कॉपी महाग पडेल पण तोटा नाही होणार. आणि प्रेसवाल्याला आजच विचारून घ्या, प्लेटा जपून ठेवणार का आणि डिसेंबरात अजून ३०० काढल्या तर रेट काय लावणार.