यामाहाची आरएक्स १०० ही जुनी मोटारसायकल नव्यानं आली तर शौकिनांना तिच्यात काय हवंय?

दारव्हा-दिग्रसकडं कोणालाही विचारा, पहिलं उत्तर एकच येते: तो आवाज. अन् नेमका तोच मिळणं कठीण आहे, भाऊ.

१९८५ ते १९९६ भारतात बनलेल्या या गाडीचं इंजिन टू-स्ट्रोक, तो आवाज त्याचाच. त्यात क्रँकच्या (इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या) दर फेऱ्याला इंधन पेटते, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा. म्हणून ९८ सीसीतून ११ बीएचपी (इंजिनाच्या ताकदीचं माप) निघत. पण धूरही तसाच. प्रदूषणाच्या आजच्या नियमांत ते इंजिन बसणार नाही.

दुसरी गोष्ट वजनाची. लोक आवाजाबद्दल बोलतात, पण खरी जादू इथंच होती. गाडी जेमतेम १०३ किलोची, शंकरपटातल्या खोंडासारखी उसळायची. आजची दीडशे सीसीची गाडी सहज १३५ किलो भरते. तिला तीच उसळी द्यायची तर १४-१५ बीएचपी लागतील. म्हणजे शंभर सीसीचं फोर-स्ट्रोक इंजिन टाकून टाकीवर जुनं नाव चिकटवलं, तर आमच्याकडचे पोट्टे शोरूममधूनच परत फिरतील.

बाकी मागण्या सोप्या: गोल हेडलाइट, लांब सपाट सीट, क्रोमचे मडगार्ड, किक. ब्लूटूथ कोणी मागत नाही. ड्रम ब्रेक मात्र जुनेच हवेत म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, समोर डिस्क पाहिजेच.

थांबायचं नसेल अन् जुनीच घ्यायची असेल, तर आधी आरसीचं, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं, नूतनीकरण झालंय का ते बघा. पंधरा वर्षांनंतर ते लागतेच.