माग नेमका कोण काढतंय?

"मॅडम, माझा फोन टॅप होतोय का?" सात रस्त्याजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न हल्ली आठवड्यातून एकदा तरी येतोच. एक निवृत्त एसटी कंडक्टर आले होते. व्हिडिओ कॉलवर खाकी कपड्यातल्या कुणीतरी त्यांना 'डिजिटल अरेस्ट' केलं होतं. पैसे गेले नाहीत, पण झोप गेली. एका मुलीला वाटायचं, हॉस्टेलच्या वायफायवर आपण काय बघतो ते वॉर्डनला दिसतं. एमआयडीसीतल्या एका पोराने कर्जाच्या ॲपला आख्खी कॉन्टॅक्ट लिस्ट देऊन टाकली होती. सोलापुरात माग म्हटलं की आधी यंत्रमागाची खडखड आठवते. हा दुसरा माग मात्र आवाज न करता चालतो, म्हणून त्याची भीती जास्त.

आज लिहितेय ते एका बाईंविषयी. सोलापूर लहान आहे, नाव बदललं तरी लोक ओळखतात, म्हणून नावच देत नाही. वय पस्तिशीचं, घर पद्मशाली, नवरा एका कारखान्यात हिशेब बघणारा. बाई घरी कडक भाकरी करून विकतात. पहिल्याच दिवशी त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, भाकरी आणल्या. डब्यात मोबाईल होता.

"ते ऐकालेत मॅडम," त्या कुजबुजल्या.

"कोण?"

"ह्यांचा दोस्त टॉवरच्या कंपनीत आहे. तो सगळं काढून देतो म्हणतेत. परवा मला विचारले, गंठण मोडायचं कधी ठरलं?"

भाकरीचं मशीन घ्यायला गंठण मोडावं का, हे त्या फक्त बहिणीशी बोलल्या होत्या. तेव्हापासून अम्माला फोन करायचा तर सिद्धेश्वर तलावाच्या काठावर जाऊन, तेलुगूत, तोंडावर पदर धरून.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेने शिकलेली. आपल्याला छळते ती घटना नव्हे, घटनेविषयीची आपली समजूत, यावर माझा आजही विश्वास आहे. त्यामुळे मी लगेच समजूत दुरुस्त करायला बसले. माहिती बिनचूक दिली. मोबाईल कंपनीकडे जो कॉलचा तपशील असतो, ज्याला सगळे सीडीआर म्हणतात, त्यात कोणी कुणाला केला, कधी, किती वेळ आणि कुठल्या टॉवरवरून एवढंच असतं, बोलणं नसतं. टॉवरवरून जागा कळते तीही ढोबळ, शहरात काहीशे मीटर, खेड्यात काही किलोमीटर. हा तपशील पोलिसांनाही सहज मिळत नाही, अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडून मागणी जावी लागते. चोरून विकणारे असतात, नाही असं नाही. २०१८ साली ठाणे पोलिसांनी त्या धंद्यात खासगी गुप्तहेर पकडले होते. पण तो गुन्हा आहे. आणि प्रत्यक्ष बोलणं ऐकायचं तर साधारणपणे गृहसचिवांचा आदेश लागतो. एका आदेशाची मुदत ६० दिवस, वाढवत नेली तरी १८० च्या पुढे नाही. तुमच्या गंठणासाठी मंत्रालयातून कोण आदेश काढणार?

त्या हसल्या. मी वहीत लिहिलं, 'भीती कमी.'

दुसऱ्या वेळी त्यांनी एकच विचारलं, "मग गंठणाचं कसं कळलं?" मी म्हटलं, बहीण बोलली असेल, किंवा त्यांनी अंदाजाने खडा टाकला असेल. त्या गप्प बसल्या. मला ते पटल्याचं लक्षण वाटलं. वीस वर्षं हे काम करूनही गप्प बसणं आणि पटणं यांत माझी गल्लत होते, हे लिहायला बरं वाटत नाही.

तिसऱ्या वेळी डब्याभोवती टॉवेल गुंडाळलेला होता. आपल्याच सोलापूरचा, जाड, काठावर निळी पट्टी असलेला.

तो टॉवेल बघितला आणि मी काहीच समजावलं नाही. माझ्या फोनवरून त्यांना कॉल लावला. टॉवेलाच्या आत, डब्याच्या आत, फोन ठणठणीत वाजला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो आणि त्या पहिल्यांदा मोकळ्या हसल्या.

"डबा काही कामाचा नाही," मी म्हटलं. "पण तुमची शंका कदाचित कामाची असेल. आजवर मी तुम्हाला उत्तरं देत होते. आता आपण दोघी शोधू."

त्यांच्या ऑर्डरच्या वहीत मागच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे 'ह्यांना कळलं', उजवीकडे 'कळलं नाही'. पंधरा दिवस फक्त लिहायचं. वागण्यात बदल करायचा नाही, विचारायचं तर मुळीच नाही.

वही परत आली तेव्हा पानावर पिठाचे ठसे होते. डावीकडे: बहिणीला मेसेज, मशीनचा भाव, कळलं. अम्माला व्हॉइस मेसेज, तेलुगूत, कळलं. गिऱ्हाइकाची साडेतीनशेची उधारी, मेसेज, कळलं. उजवीकडे: अम्माशी साधा फोन, अर्धा तास, कळलं नाही. शेजारणीशी दारात, कळलं नाही. बहिणीशी साधा फोन, गंठणाचंच, कळलं नाही.

मी वही त्यांच्याकडे सरकवली. "तुम्हीच वाचा, मोठ्याने."

तिसऱ्या ओळीनंतर त्या थांबल्या. "फोनवरचं काहीच कळलं नाही की. सगळं मेसेजमधलं कळलं."

तो क्षण मी अजून विसरलेले नाही. मी सांगितलं असतं तर ती आणखी एक माहिती झाली असती. त्यांनी ते स्वतःच्या अक्षरात वाचलं. मोबाईल उघडून आम्ही व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'लिंक केलेली डिव्हाइस' बघितली. तिथे एक कॉम्प्युटर होता आणि त्याखाली शेवटच्या वापराची वेळ, आज सकाळची १०:१२. दोन वर्षांपूर्वी स्क्रीन फुटली तेव्हा नवऱ्याने "सगळं नीट लावून" दिलं होतं. असं जोडलेलं डिव्हाइस महिनाभर वापरलं नाही तर आपोआप तुटतं, म्हणजे तिकडून नियमाने वाचन चालू होतं. टॉवरवाला दोस्त ही नुसती थाप. व्हॉट्सॲपचा मेसेज वाटेत कुणाला वाचता येत नाही हे खरं, पण आपल्याच टोकाला दुसरं कुणी वाचत बसलं असेल तर वाटेतल्या कुलपाचा काय उपयोग?

माझं बोट लॉग आउटकडे गेलं. त्यांनी माझा हात धरला.

"आत्ता काढलं तर त्यांना कळंल."

बरोबर होतं, आणि हे मला आधी सुचायला हवं होतं. पाळत तोडली की पाळत ठेवणाऱ्याला लगेच समजतं. ज्या घरात हात उगारला जातो तिथे ते धोक्याचंही ठरतं. म्हणून आधी विचारायचं: आज रात्री घरात काय होईल? इथे मारहाण नव्हती, ते मी तीनदा विचारून घेतलं. असती तर १८१ ची महिला हेल्पलाइन आधी आणि लॉग आउट नंतर. बाईच्या ऑनलाइन वापरावर पाळत ठेवणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये गुन्हा आहे, हेही सांगितलं. त्यांना तक्रार नको होती. आठ दिवस त्यांनी काहीच केलं नाही. या आठ दिवसांत डबा मात्र आला नाही. नवव्या दिवशी नवऱ्यासमोर बसून त्यांनी स्वतः लॉग आउट केलं.

म्हणून आता कुणी विचारलं की "माझा माग निघतोय का?" तर मी आधी "कोण काढतंय असं वाटतं?" हे विचारते. सरकार, कंपनी, भामटा आणि घरातलं माणूस, चौघांची हत्यारं वेगळी. कंडक्टरकाकांना कुणी बघत नव्हतं, डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच कायद्यात नाही, त्यांना सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबर हवा होता. हॉस्टेलच्या मुलीला सांगितलं की ब्राउझरची ती खासगी खिडकी, इन्कॉग्निटो, फक्त फोनमधल्या हिस्टरीपुरती; साइटचं नाव वायफायवाल्याला कळू शकतं, आत काय वाचलंस ते सहसा नाही. *#२१# दाबून टॅपिंग कळतं असे फॉरवर्ड फिरतात, त्याने फक्त कॉल दुसरीकडे वळवलेत का एवढंच कळतं (तेही बघून ठेवावं). घरातलं माणूस असेल तर बहुतेक वेळा तंत्रज्ञान लागतच नाही. तुमचा पासवर्ड, तुमचा मेल दुसऱ्याच्या फोनवर चालू, नकाशात शेअर केलेली जागा, त्याच्या नावावरचं सिम, एवढं पुरतं. माझे बरेच सहकारी अशी शंका आली की थेट चिंतेवर काम सुरू करतात. मी आधी शंका तपासते, मग मनाकडे वळते.

मशीन अजून घेतलेलं नाही. मागच्या आठवड्यात नवरा स्वतः आला. खुर्चीच्या टोकावर बसला, मोबाईल टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, ती काही लपवत नाही हे मला आता कसं कळणार?" त्याला मंगळवारी पाचची वेळ दिलीय.