दुकानाचं बिलिंग पायथनमध्ये करायचंय, नावं मराठीत हवीत. स्क्रीनवर खिडक्या-बटणं बनवायला टीकिंटर लायब्ररी घेऊ की पायसाइड?

पायसाइड. टीकिंटर पायथनसोबतच येतं, दहा-बारा ओळींत खिडकी आणि बटणं तयार, शिकायला झकास. पण बडोद्यात दांडिया बाजारातल्या काकांच्या दुकानात जुन्या लिनक्स मशीनवर मी तेच चालवलं, तर 'चिवडा'ची वेलांटी च च्या मागे जाऊन बसली आणि 'चक्का'तला क पाय मोडूनच उभा! विंडोजवर मात्र हेच नीट दिसतं. पायसाइडच्या मुळाशी क्यूटी ही खिडक्या-बटणांची लायब्ररी आहे; त्यातलं हार्फबझ, म्हणजे अक्षरांची मांडणी करणारं इंजिन, जोडाक्षरं व्यवस्थित जुळवतं. पॅकेज जड होतं, ते सोसायचं.

क्यूटीवरच बेतलेलं पायक्यूटी जवळपास पायसाइडसारखंच, पण त्याचा परवाना जीपीएल (सॉफ्टवेअर दुसऱ्याला दिलं तर त्याचा कोडही खुला करावा लागतो) किंवा विकतचा. पायसाइड एलजीपीएलमध्ये मिळतं (यात आपला कोड खुला न करताही चालतं), म्हणून उद्या शेजारच्या दुकानदाराला सॉफ्टवेअर विकायचं झालं तर तेच सोयीचं.