हा पक्षी कोणता हो? वाचकांचे फोटो, आमची उत्तरं

यावेळी फोटो भरपूर आलेत आणि जागा नेहमीएवढीच, त्यामुळे ज्यातून बाकीच्यांनाही काहीतरी हाती लागेल असेच घेतलेत. राहिलेल्यांनी रागावू नका, पुढच्या अंकात बघू. सगळे फोटो छापणं शक्य नाही म्हणून फोटोत काय दिसतंय ते उत्तरातच लिहिलंय.

प्रश्न : नमस्कार, मेळघाटला गेलो होतो, सफारीत सागाच्या झाडावर छोटं घुबड दिसलं, भर दिवसा अकराच्या सुमारास. गाइड म्हणाला साधा पिंगळा आहे, पण माझा मित्र म्हणतो हा तो दुर्मिळ रानपिंगळा. मोबाइलवर काढलेले तीन फोटो पाठवतोय, प्लीज कन्फर्म करा, ग्रुपवर टाकायचंय.
(एक वाचक, अकोला)

उत्तर : टाका ग्रुपवर, पण पिंगळा म्हणून. गाइडदादा बरोबर आहेत.

पहिल्या दोन फोटोंत घुबड उजेडाच्या विरुद्ध बाजूला बसलंय, सगळंच काळपट आलंय, त्यावरून कुणी काहीही म्हणू शकतं. तिसऱ्यात मात्र त्याने मान खाली घातलीय आणि डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची नुसती गर्दी दिसतेय. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ साधं असतं, ठिपके असले तरी अगदी पुसट. मग पोट बघा. रानपिंगळ्याची छाती वरच्या बाजूला जवळपास सलग तपकिरी आणि खाली पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा असतो, तुमच्या पक्ष्याच्या पोटावर पार खालपर्यंत तपकिरी खुणा आहेत. राहता राहिला 'भर दिवसा दिसला' हा मुद्दा, तर रानपिंगळा दिवसा फिरतो हे खरंच आहे, पण साधा पिंगळाही सकाळचं ऊन खात बसलेला खूपदा दिसतो, त्यामुळे तेवढ्यावरून काही ठरत नाही.

मित्राला मात्र हसू नका. मेळघाटात रानपिंगळा आहे, आणि या पक्ष्याची गोष्टच अशी आहे की कुणालाही आशा वाटावी. 1884 नंतर तब्बल 113 वर्षं तो कुणाला खात्रीने दिसलाच नव्हता. मग 1997 च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट या तिघांना तो शहाद्याजवळ सापडला. त्याआधी शोधणाऱ्यांची दिशाभूल झाली त्यात रिचर्ड माइनर्ट्झहॅगन नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याचा मोठा हात, या गृहस्थाने लंडनच्या म्युझियममधला जुना नमुना ढापला आणि 'मी 1914 साली गुजरातेत मांडवीला मिळवला' असं लेबल त्यावर ठोकून दिलं. रासमुसेनबाईंनी ती लबाडी पकडली, ते ठिकाण यादीतून काढलं आणि बाकीच्या जुन्या, खऱ्या ठिकाणांवर लक्ष दिलं. एका खोट्या लेबलमुळे एवढं होतं! म्हणूनच मी प्रत्येकाला जागा आणि तारीख विचारून भंडावून सोडतो. तुम्ही नुसतं 'मेळघाट' लिहिलंय, मेळघाट केवढं पसरलंय, कुठली रेंज, कुठलं गाव जवळ होतं ते आम्हाला कळवा.

आणि पुढेमागे खरंच रानपिंगळा मिळाला तर जागा ग्रुपवर टाकायची नाही. दुसऱ्या दिवशी तिथे मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढणारी मंडळी हजर होतात, आणि तो बिचारा आपल्या हद्दीत दुसरा कोण घुसला म्हणून शिकार सोडून ओरडत बसतो.

प्रश्न : आमच्या गॅलरीसमोरच्या कडुलिंबावर आठवडाभर शिक्रा येतोय. पोटावर पट्टे आहेत, डोळा पिवळा आहे, कावळे आणि बुलबुल त्याच्यावर ओरडतात. आता सोसायटीतली कबुतरं कमी होतील का?
(एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : कबुतरांना काही धोका नाही ताई, हा पावशा आहे! जूनमध्ये भल्या पहाटे 'पेरते व्हा, पेरते व्हा' करून झोप मोडतो तोच.

फसायला होतं यात नवल नाही, बुलबुलही फसलेत, म्हणूनच तर ओरडतायत. रंग, पट्टे, शेपटी, उडायची ढब, सगळं शिक्र्यासारखं. पण चोच झूम करून बघा. शिक्र्याची चोच आखूड आणि टोकाला आकड्यासारखी वळलेली असते, मांस फाडायचं असतं ना. तुमच्या फोटोतली चोच सरळसोट आहे, टोकाला जेमतेम बाक. डोळ्याभोवती पिवळी कडाही ठळक दिसतेय. दुसऱ्या फोटोत फांदीवरचा पाय आलाय तो बघा, बारीक, दोन बोटं पुढे दोन मागे, कोकीळ कुळातल्या पक्ष्यांचा असतो तसा. शिक्र्याची तीन बोटं पुढे असतात, एक मागे, आणि नख्या अशा की बघूनच कळावं. बसायची पद्धतही वेगळी, शिक्रा ताठ बसतो, हा पंख आणि शेपटी जरा सैल सोडून बसलाय.

हा अंडी स्वतः उबवत नाही, सातभाईंच्या घरट्यात घालून मोकळा होतो. तुमच्या आवारात सातभाई असतील तर पुढचे काही आठवडे त्यांच्यावर नजर ठेवा, त्यांच्याएवढंच किंवा मोठं दिसणारं एखादं पिल्लू चोच वासून त्यांच्या मागे मागे फिरताना दिसलं तर फोटो नक्की पाठवा. आणि फोटो जमला नाही तर फोनवर आवाज रेकॉर्ड करा, पावशासाठी तो दहा फोटोंपेक्षा कामाचा.

प्रश्न : माळावर बसलेला लावा आहे की तित्तिर? फोटो लांबून आहे.
(एक वाचक, बारामती)

उत्तर : दगड आहे हो. तीनही फोटोंत, पाच मिनिटांच्या अंतराने, जागचा हललेला नाही. मात्र फोटोच्या वेळा लिहून पाठवल्यात त्याबद्दल शाब्बास, असं फार कमी लोक करतात.

प्रश्न : रत्नागिरीजवळ खाडीच्या चिखलात लहानसा पक्षी सारखा मागचा भाग वरखाली हलवत चालत होता. फोटो धूसर होता म्हणून मुलाने एका एआय अॅपमध्ये टाकून क्लिअर करून दिला. आता मस्त दिसतोय पण पुस्तकात तसा पक्षीच सापडत नाही. दोन्ही फोटो पाठवतोय.
(निवृत्त शिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : सर, पुस्तकात सापडणार नाही कारण तसा पक्षी नाहीच. तो अॅपने तयार केलाय.

दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बघा. तुमच्या धूसर फोटोत छातीच्या बाजूला, पंख जिथे दुमडतो त्याच्या पुढे पोटाचा पांढरा रंग वर खांद्याकडे घुसलेला दिसतोय, एक पांढरी पाचर. ही सामान्य तुतारीची सगळ्यात पक्की खूण, आणि शेपूट हलवत चालणं हेही तिचंच. क्लिअर केलेल्या फोटोत ती पाचर गायब! अॅपला तो डाग वाटला असणार, त्याने छान तपकिरी पिसं काढून बुजवून टाकला. वर पाठीवर ठिपके टाकलेत, म्हणून तुम्हाला ती ठिपकेवाली तुतारी असेल अशीही शंका आली असेल. पायाचा रंगही बदललाय. म्हणजे जेवढ्या खुणा कामाच्या तेवढ्याच नेमक्या गेल्या.

अॅपला खरा पक्षी माहीत नसतो, एवढे डाग असतील तर साधारण काय असायला हवं याचा अंदाज बांधून ते चित्र भरतं. हल्ली फोनमधला भरमसाट झूमसुद्धा थोडंफार हेच करतो. तेव्हा सर, आणि बाकीच्यांनीही, ओळखीसाठी फोटो पाठवायचा तो मूळ, न कापलेला, न उजळलेला, आणि व्हॉट्सअॅपवर पाठवत असाल तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर तेही आवळून पाठवतं. कापून मोठा केलेला हवा तर सोबत वेगळा द्या. धूसर फोटोची लाज कशाला वाटायची, पोस्टरवर थोडाच लावायचाय.

प्रश्न : जास्वंदीवर येणारा इवलासा पक्षी, एका फोटोत काळाकुट्ट, दुसऱ्यात जांभळा, तिसऱ्यात पिवळा आणि मधोमध काळी रेघ. एकच पक्षी आहे का तीन? लंडनला असलेल्या भाच्याने मर्लिन अॅपवर टाकून बघितलं तर कुठल्यातरी युरोपातल्या पक्ष्याचं नाव आलं.
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : जात एकच, जांभळा शिंजीर. काळाकुट्ट आणि जांभळा हे एकाच नराचे फोटो. त्याच्या पिसांची ती चमक रंगद्रव्यामुळे येत नाही, पिसांच्या बारीक रचनेवर उजेड पडून परततो त्यातून येते, त्यामुळे ऊन समोरून असेल तर निळा-जांभळा आणि पाठीमागून असेल तर कोळसा. फोटोतल्या रंगावर जाऊ नका म्हणतो ते यासाठी. पिवळा आणि गळ्यापासून पोटापर्यंत काळी रेघ असलेलाही नरच, विणीचा हंगाम संपल्यावर तो हे कपडे घालतो. मादीला ती रेघ नसते. तिन्ही फोटोंत लांब, बारीक, खाली वळलेली चोच मात्र जशीच्या तशी आहे, बघा.

मर्लिनचा यात दोष नाही. ते अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचं अॅप आहे आणि चांगलंच आहे, पण पक्षी कुठे आणि कधी दिसला यावरून आधी यादी गाळतं आणि मग फोटोशी जुळवतं. भाच्याने जागा लंडनच राहू दिली असणार, मग ते तिथलेच पक्षी शोधणार ना! जागा नाशिक आणि फोटोची तारीख टाकून परत करायला सांगा.

प्रश्न : पांढरा कावळा दिसला! व्हिडिओ पाठवतेय. शुभ की अशुभ?
(एक वाचक, कराड)

उत्तर : शुभ-अशुभाचं सदर दुसऱ्या पानावर. पक्षी कावळाच आहे, पिसांत रंग कमी पडलाय. डोळे काळे दिसतायत म्हणजे पूर्ण अल्बिनो नाही, अल्बिनोचे डोळे गुलाबी-लाल असतात. बाकीच्या कावळ्यांनी त्याला सांभाळून घेतलंय असं व्हिडिओत तरी वाटतंय.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. पुढच्या दाराच्या दिव्यावर एका पक्ष्याने घरटं बांधलंय, छाती विटकरी, पाठ राखाडी, चोच पिवळी, अंडी निळी. सासूबाई इथे आल्यात, त्या स्टुलावर चढून रोज फोटो काढतात आणि दार उघडायला देत नाहीत. हा कोणता पक्षी, आणि घरटं बाजूला हलवलं तर चालेल का?
(एक वाचक, एडिसन)

उत्तर : अमेरिकन रॉबिन. आपल्याकडच्या कस्तुराचा नातेवाईक, आणि दारावरच्या दिव्यावर घरटं करणं ही त्यांची जुनी खोड. तुमच्या फोटोतल्या पक्ष्याचं डोकं पाठीपेक्षा फारसं गडद नाही आणि छातीचा रंग फिका आहे, त्यामुळे मादी असावी, नराचं डोकं चांगलंच काळपट असतं.

हलवायचं नाही, अंडी असलेलं घरटं हलवणं तिथे 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्याखाली गुन्हा आहे. फार दिवसांचा प्रश्नही नाही, अंडी उबवायला साधारण दोन आठवडे आणि पिल्लं घरट्यात जेमतेम तेवढेच. तोवर दिवा बंद ठेवा आणि जमेल तितकं गॅरेजकडून ये-जा करा. सासूबाईंचं दार न उघडू देणं अगदी योग्य आहे, फक्त तेवढं स्टूल काढून घ्या. आई सारखी उडून गेली तर अंडी गार पडतात आणि कावळ्यांनाही पत्ता लागतो. फोटो खिडकीच्या काचेतून काढायला सांगा, थोडे धूसर आले तरी आम्हाला चालतील.