हसल (सतत कामामागे धावणं) सोडली की समृद्धी खरंच येते का? आणि सोडायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवसाचे बारा-चौदा तास राबूनही हातात काही उरत नाही, आणि जिकडेतिकडे ऐकू येतं की हसल सोडा, शांत व्हा, समृद्धी आपोआप तुमच्याकडे ओढली जाईल. हे खरं आहे का, आणि असेल तर सुरुवात कुठून करायची?

अर्धं खरं आहे. धावपळ कमी करून पैसा वाढू शकतो, पण तो हिशेबाच्या साध्या कारणांनी वाढतो. ती कारणं कळली की काय सोडायचं आणि काय अजिबात सोडायचं नाही, हेही कळतं.

आधी त्या 'ओढलं जाण्या'चं बघू. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगन आणि डोरिस मायर यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पदवी संपवून नोकरी शोधणारे तरुण होते. नोकरी मिळाल्याची गोड स्वप्नं जे जास्त रंगवत, त्यांनी दोन वर्षांत अर्ज कमी केले होते, त्यांना बोलावणी कमी आली होती आणि पगारही कमी होता. 'मला जमेल' असा नुसता भरवसा असणाऱ्यांचं मात्र बरं चाललं होतं. मनातल्या मनात फळ खाऊन झालं की झाडावर चढायचा कंटाळा येतो, इतकंच. तेव्हा डोळे मिटून भरलेली तिजोरी बघत बसण्यात वेळ घालवू नका.

आता खरी असलेली बाजू. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत कोणी किती तास काम केलं आणि किती माल निघाला, याच्या नोंदी शिल्लक आहेत. अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कॅव्हल यांनी २०१४ मध्ये त्या तपासल्या. आठवड्याला साधारण ४९ तासांपर्यंत तासांच्या प्रमाणात माल वाढत होता. त्यापुढे वाढ मंदावत गेली, आणि ७० तासांत निघालेला माल ५६ तासांतल्या मालापेक्षा फारसा जास्त नव्हता. म्हणजे वरचे चौदा तास जवळजवळ पाण्यात. हे हातांनी करायचं काम होतं. निर्णय घ्यायच्या कामात तर थकलेल्या डोक्याने केलेली चूक निस्तरायलाच पुढचा दिवस जातो.

पण माझ्या मते मोठं कारण रांगेचं आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. कामं कधीही येतात आणि प्रत्येकाला कमी-जास्त वेळ लागतो असं धरलं, तर रांगेचं गणित सांगतं की तुमचा ८० टक्के वेळ भरलेला असताना एक तासाच्या कामाला सरासरी चार तास ताटकळावं लागतं. ९० टक्के भरला की नऊ तास. ९५ टक्क्यांवर एकोणीस. भर पडली फक्त पंधरा टक्क्यांची, पण वाट बघणं जवळपास पाचपट झालं. बारा-चौदा तास राबणारा माणूस नेमका इथे अडकलेला असतो: आळशी नसतो, पण त्याचं प्रत्येक काम उशिरा होतं, म्हणून प्रत्येकाची माफी मागण्यात आणखी वेळ जातो.

जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम याच घरातला. हातात घेतलेली कामं भागिले आठवड्याला पूर्ण होणारी कामं, म्हणजे एका कामाला लागणारे आठवडे. बारा कामं हातात आणि आठवड्याला तीन पूर्ण, तर प्रत्येक काम चार आठवड्यांनी सुटतं. हातात सहाच ठेवली आणि वेग तोच राहिला, तर दोन आठवड्यांनी. मेहनत तितकीच, पण काम घेतल्यापासून पैसे हातात पडेपर्यंतचा काळ दोन आठवड्यांनी घटला. लोक ज्याला बरकत म्हणतात, त्यातला बराच भाग हा असतो.

आता करायचं काय. सर्वांत आधी नोकरी-धंद्याला हात लावू नका. मागच्या तीन महिन्यांचा अत्यावश्यक खर्च (घर, जेवण, औषधं, हप्ते) काढा, त्याची महिन्याची सरासरी घ्या, आणि हाताशी असलेल्या रोख शिलकीला तिने भागा. उत्तर तीनच्या खाली आलं, तर उत्पन्न देणारं काही तूर्त कमी करायचं नाही. फक्त बिनपैशाचे तास कमी करायचे आणि शिल्लक वाढवायची. शिल्लक नसताना शांत व्हायचा प्रयत्न केला तर उलट काळजी वाढते. अर्थशास्त्रज्ञ सेंधिल मुल्लायनाथन आणि मानसशास्त्रज्ञ एल्डार शाफिर यांचं काम याच विषयावर आहे: तंगी असली की डोकं सतत त्या तंगीभोवती फिरतं आणि बाकीच्या विचाराला जागाच उरत नाही.

मग चौदा दिवसांची वही. चार रकाने: काम, मिनिटं, कुणी सांगितलं, आणि त्यातून काय निघालं. नोंद त्या-त्या वेळी करायची. रात्री बसून आठवून लिहिलेली वही खोटी निघते, कारण फोनवर गेलेली वीस-वीस मिनिटं रात्री आठवत नाहीत. चौदा दिवसांनी प्रत्येक कामाचा तासाचा दर काढा: मिळकतीतून त्याचा खर्च वजा करून एकूण तासांनी भागा. तासांत दुरुस्त्या, फोन, प्रवास आणि पैशांसाठी केलेला पाठपुरावा हे सगळं धरा. इथे बहुतेकांना धक्का बसतो. समजा एका कामाचे ३०० सुटले आणि दुसऱ्याचे १००. पहिलं मोठं वाटतं. पण पहिल्याला ३० तास लागले असतील आणि दुसऱ्याला ५, तर मोठं काम तासाला १० देतंय आणि लहान २०.

कुठले तास कसे मुरतात, ते एका कोटेशनवर बघा. तीन कामं उघडी असताना डिझाइन करणारा कुणीतरी दहा मिनिटांत जुन्या फाइलमधून कोटेशन बनवतो, नाव बदलतो, पाठवतो. त्यात 'दुरुस्त्या दोन वेळा, त्यापुढच्यांचे पैसे वेगळे' ही एक ओळ राहून जाते. पुढे ग्राहक सातव्यांदा रंग बदलायला सांगतो आणि नाही म्हणायला कागदावर आधार नसतो. ती ओळ सुचायला चाळीस सेकंद लागली असती, पण ती सुचण्यासाठी डोकं त्या कागदावर असायला हवं होतं. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं ते हेच: एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग मागेच रेंगाळतो. उपाय स्वस्त आहे. काम बदलण्याआधी दोन ओळी लिहा: कुठे थांबलो, आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं.

वहीत तळाला आलेलं एकच काम आधी सोडा. एकदम पाच सोडलीत तर घबराटीत सात परत घ्याल. सोडण्याच्या चार तऱ्हा आहेत: भाव वाढवणं, मुदत लांबवणं, दुसऱ्याकडे देणं, सरळ बंद करणं. मी भावापासून सुरू करायला सांगेन. ग्राहक राहिला तर दर सुधारला, गेला तर वेळ सुटला. नकार देताना एवढंच म्हणा, 'या महिन्यात मला हे नीट करता येणार नाही. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात घेऊ शकेन, चालेल का?' कारण सांगू नका. कारण सांगितलं की समोरचा त्यावर तोडगा काढतो आणि तुम्ही पुन्हा गळाला लागता.

सुटलेल्या वेळेवर पहारा ठेवावा लागतो. आठवड्याचे चाळीस तास धरले तर आठ तास कुणालाही द्यायचे नाहीत. चार तास ऐनवेळच्या अडचणींसाठी, चार खरोखर मोकळे. हे चार तास आठवड्याच्या शेवटी ठेवू नका, तिथे फक्त उरलेलं काम साठतं. मधल्या एखाद्या सकाळी ठेवा. हातात एका वेळी चालू कामं तीनच. चौथं आलं तर आधी एक संपवा. दोन-तीन आठवड्यांत ती मोकळी सकाळ 'आज एवढंच' म्हणत गिळली जाईल, किंवा मोबाइल खाईल. वेळ मिळेल तितकं काम फुगतं, असं पार्किन्सन यांनी १९५५ मध्येच लिहून ठेवलंय. सकाळ गेली तर त्याच आठवड्यात दुसरी सकाळ काढा, उधारी पुढे नेऊ नका.

या मोकळ्या वेळेत आठवड्याला दोन माणसांशी बोला, काम न मागता. जुना सहकारी, एकदाच काम केलेला ग्राहक. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३ च्या गाजलेल्या निबंधात, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांना ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसांकडून कळली होती. रोजच्या माणसांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतं. लांबच्यांकडे वेगळी बातमी असते. संधी 'चालून येते' ती या वाटेने. पण धावणाऱ्याला असा फोन करायला उसंत नसते, आणि आलेला फोन तो 'नंतर बोलू' म्हणून ठेवून देतो.

झोपेबद्दल एकच आकडा. २००० साली प्रसिद्ध झालेल्या विल्यमसन आणि फेयर यांच्या चाचण्यांत, साधारण १७ ते १९ तास सलग जागं राहिलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्यांइतकी किंवा त्याहून खराब होती. सहाला उठून रात्री अकरानंतर पैशांचे निर्णय घेणं म्हणजे हे. अंग ताठलेलंच राहत असेल तर चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, असं पाच मिनिटं करा. मिनिटाला सहा श्वास होतात. गरगरलं तर थांबा.

काही गोष्टींत मात्र संथपणा नको. बिल काम संपल्या दिवशीच गेलं पाहिजे. चौकशीला त्याच दिवशी उत्तर, मग ते 'गुरुवारी कळवतो' एवढंच का असेना. हप्ते आणि कराच्या तारखा चुकवायच्या नाहीत. 'मी आता हसल सोडली' म्हणत लोक नेमकं इथे ढिले पडतात, आणि मग शांततेला दोष देतात.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात रिकामं बसल्याची टोचणी लागेल, आणि मिळकतही थोडी खाली येऊ शकते. सोडलेल्या कामाचे पैसे लगेच थांबतात, वाढलेल्या भावाचे मागून येतात. तीन महिन्यांची शिल्लक म्हणूनच सांगितली.

आणि हे सगळ्यांना लागू नाही. ज्याला रोजाने किंवा तासाने पैसे मिळतात आणि तास ठरवणं ज्याच्या हातात नाही, त्याला 'हळू चल' सांगणं क्रूरपणा आहे. त्याचा प्रश्न दराचा आहे. पुरेशी विश्रांती घेऊनही थकवा हटत नसेल तर आधी डॉक्टरांकडे जा, वही नंतर.

बारा आठवड्यांनी तीन आकडे बघा: सरासरी तासाचा दर, काम घेतल्यापासून पैसे येईपर्यंतचे दिवस, आणि आठवड्यातल्या किती मोकळ्या सकाळी वाचल्या. दिवस घटले, सकाळी वाचल्या, पण दर जिथल्या तिथे राहिला, तर अडचण धावपळीची नव्हती. तुम्ही विकताय त्याला भाव नाही, किंवा तुम्ही तो मागत नाही आहात. मग त्या मोकळ्या सकाळी या भावाच्या प्रश्नावर बसा.