अ‍ॅडिनोमायोसिस आहे, पण गर्भाशय काढायचं नाही. ऑपरेशनशिवाय काय करता येईल?

हो, पर्याय आहेत, आणि लगेच पिशवी काढायची घाई करू नका. यात गर्भाशयाचं आतलं अस्तर त्याच्याच स्नायूत शिरतं, म्हणून पाळीत एवढ्या कळा येतात आणि रक्तस्राव वाढतो.

माझ्या मते आधी विचारावं ते हार्मोनवाल्या कॉपर-टीसारख्या साधनाबद्दल. ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेलं हे साधन गर्भाशयात बसवतात, ते थोडं थोडं औषध सोडत राहतं आणि अस्तर पातळ होतं. पहिले ३ ते ६ महिने मात्र अधूनमधून डाग लागतात. इथेच बऱ्याच जणी कंटाळून ते काढून टाकतात. जमलं तर तेवढे महिने धीर धरा. ते नको असेल तर डायनोजेस्ट या हार्मोनची रोज २ मिलिग्रॅमची गोळी असते.

फक्त पाळीच्या दिवसांत मेफेनॅमिक अ‍ॅसिड दुखण्यावर, ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड रक्तस्रावावर देतात. पायाच्या किंवा फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत रक्ताची गाठ होण्याचा त्रास पूर्वी झाला असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. पाळी तात्पुरती थांबवणारी जीएनआरएच इंजेक्शनं हाडं विरळ करतात, म्हणून ती थोड्याच काळासाठी.

मूल हवं असेल तर पहिल्याच भेटीत बोला, कारण हार्मोनचे बहुतेक उपचार चालू असताना गर्भ राहत नाही. दर तासाला पॅड भिजत असेल तर थांबू नका, त्याच दिवशी दाखवा. हिमोग्लोबिनही तपासून घ्या.